पत्त्याची शेवटची ओळ

निघायच्या सकाळी आप्पांनी माझा पासपोर्ट बघायला मागितला. गाडी दारात लागली होती. माझी मुलगी स्मिता बॅगांची वजनं तिसऱ्यांदा करत होती आणि माझे वडील अंगणातल्या कॉटवर बसून ते निळं पुस्तक उलटसुलट करून बघत होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण मराठी पेपर अजून चष्म्याने वाचत. इंग्रजी येत नव्हतं. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हितं जन्माचं गाव लिहितात न्हवं? काय लिवलंय?"

मी म्हटलं, "आपलं गाव."

"आणि राज्य?"

स्मिताने वजनाचा काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पासपोर्टवर कर्नाटक लिहिलं होतं, दुसरं काय असणार? मी म्हटलं, "महाराष्ट्र, आप्पा."

त्यांनी मान हलवली. मग उशाखालची वही काढली, एक पान फाडलं आणि त्यावर सावकाश, वळणदार अक्षरात घरचा पत्ता लिहिला. घर नंबर, गल्ली, गाव, पोस्ट, तालुका, पिन कोड. शेवटच्या ओळीत ठळक, महाराष्ट्र राज्य. कागदाची घडी माझ्या हातात दिली. "निकाल लागला की कळवतो. तोवर पत्र ह्याच पत्त्यावर टाक. पोचतंय."

आईवडिलांशी खोटं बोलून परदेशी गेलेल्या बायका पुष्कळ असतील. मी त्या एका शब्दाचं खोटं बोलून आले. त्याला सहा वर्षं झाली, आणि हे लिहायला बसले ती त्यासाठीच. मी सातवी शिकलेली. वाक्यं वाकडी झाली तर गावातल्या माणसांनी हसावं, माझ्यासारखी इकडे आलेली आहेत त्यांनी सांभाळून घ्यावं.

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं गाव निपाणीपासून तासाभरावर. भाषावार राज्यं झाली तेव्हा आप्पा ऐन विशीत होते. घरात मराठी, देवळात मराठी, भांडणं मराठीत, आणि गाव गेलं दुसऱ्या राज्यात. तेव्हापासून आमच्याकडे महाराष्ट्रात जायचं आहे ही गोष्ट पाहुण्यांकडे जायचं आहे तशी बोलली जायची. म्हणजे जायचंच आहे, दिवस तेवढा ठरायचाय. तो दिवस ठरणं म्हणजे आप्पांचा निकाल. आप्पा तंबाखूच्या वखारीत तोलार होते, वजनं करायचे. रेडिओवर कुठल्या बैठकीची बातमी लागली की तराजूवरचा त्यांचा हात थांबायचा. नोव्हेंबरच्या एक तारखेला, ते राज्य झाल्याच्या दिवशी, दंडाला काळी फीत बांधून वखारीत जायचे, आणि त्यांचा कन्नड मालक त्या दिवशी त्यांना मुद्दाम चहा पाठवायचा. कुणी कुणाचं वैरी नव्हतं. शेजारच्या पार्वतव्वांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं. मला कन्नड बोलता येतं, कन्नडमध्ये भाजी घासाघीस करून घेता येते, भांडतासुद्धा येतं. वाचता तेवढं येत नाही.

ते का येत नाही हे सांगायला हवं. गावातली मराठी शाळा सातवीपर्यंत होती. पुढचं मराठी हायस्कूल लांब, एसटीने एकट्या पोरीला पाठवायची पद्धत नव्हती. पण त्याच वर्षी गावात कन्नड हायस्कूल निघालं. तिथले हेडमास्तर आपल्या पायांनी घरी आले. तोडक्यामोडक्या मराठीत आप्पांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे. अक्षरं मी स्वतः शिकवतो, एक वर्षात तयार करतो." आप्पांनी त्यांना पाटावर बसवलं, चहा दिला, हात जोडले. "सर, एक वर्ष थांबा. यंदा निकाल लागतोय. मग हितंच मराठी हायस्कूल हुईल, पोरगी त्यातच जाईल. कशाला मधीच दुसरी लिपी डोक्यात घालायची?"

मी एक वर्ष थांबले. ते वर्ष संपलं तेव्हा आप्पा म्हणाले, पुढच्या साली. तिसऱ्या वर्षी मी आईबरोबर वखारीत तंबाखू निवडायला जायला लागले. तो चिकट कडवटपणा बोटांना बसतो तो साबणाने जात नाही, भाकरी मोडली की भाकरी कडू. माझ्याबरोबरची महादेवी त्या कन्नड हायस्कुलात गेली. ती नर्स झाली, रिटायर झाली. मी कधी आप्पांना दोष दिला नाही. खरंच नाही. त्यांनी मला मुद्दाम अडवलं असतं तर देता आला असता.

लग्न कोल्हापुरात झालं तेव्हा पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि आप्पा एकटे खुशीत. "आमच्यातली एक तरी पोचली," म्हणाले. पुढे नवरा गेला. स्मिताला मी हट्टाने शिकवलं, ती इंजिनियर होऊन अमेरिकेला आली, आणि मी आप्पांजवळ परत गावी. ती इथली सिटिझन झाल्यावर तिने माझे कागद केले. अशी मी ओहायोमधल्या डब्लिनला आले.

इथे मला कुणी काही कमी केलं नाही. स्मिता, जावई, नात इरा, सगळी जपतात. मराठी मंडळातल्या डॉक्टर काकू मला ताई म्हणतात, माझ्या पुरणपोळीचं नाव काढतात. तरी पोलिसांची गाडी बाजूने गेली की मी पर्स चाचपून ग्रीन कार्ड आहे ना ते बघते. सहा वर्षं रोज. स्मिता म्हणते, "आई, रिलॅक्स." इरा म्हणते, "आजी, यू आर लीगल!" हे मला कळतं, हाताला कळत नाही.

घरात बसून जीव घाबरायचा म्हणून मी एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम धरलं. सकाळची शिफ्ट. भाज्या चिरायच्या, ट्रे भरायचे, ज्यांना चावता येत नाही त्यांचं जेवण मिक्सरमधून काढायचं. तिथे माझ्या शेजारच्या कटिंग बोर्डवर व्हेस्ना होती. माझ्याच वयाची, रुंद खांद्यांची, डोक्याला जाळी लावली तरी लिपस्टिक लावून येणारी. पहिल्या दिवशी तिने विचारलं कुठली, मी म्हटलं इंडिया, ती म्हणाली मॅसिडोनिया. सुपरवायझर पलीकडून म्हणाला, "नॉर्थ मॅसिडोनिया." व्हेस्नाने सुरी थांबवली नाही. "मॅसिडोनिया," ती पुन्हा म्हणाली. मला हे राज्य-देश काही माहीत नव्हतं, पण तो आवाज माझ्या घरातला होता.

आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. एकदा हातमोजे काढताना मी तिची बोटं बघितली. ती म्हणाली, लहानपणी टबॅको. तिचं गाव प्रिलेप, तंबाखूचं. पहाटे पानं खुडायची, मग दिवसभर लांब सुईने दोऱ्यात ओवायची. मी म्हटलं, "ब्रेड?" ती म्हणाली, "बिटर!" आणि आम्ही दोघी त्या स्टीलच्या टेबलावर वाकून हसत सुटलो. सुपरवायझरला वाटलं त्यालाच हसतोय.

तिच्याकडून मला तो सगळा प्रकार कळला. युरोपातल्या देशांची एक युनियन आहे. आत असलं की कुठेही जा, काम करा, शिका. तिचा देश दाराशी वीस वर्षं उभा आहे. आधी ग्रीसने सांगितलं, हे नाव आमच्या एका भागाचं, ते बदला. त्यांनी देशाच्या नावाला नॉर्थ लावलं. "आम्ही देशाचं नाव बदललं, शोबा. तू तुझं बदलशील?" माझ्या नावातला भ तिला जमत नाही. मग बल्गेरियाने सांगितलं, आमचे लोक तुमच्यात आहेत, त्यांना घटनेत लिहा, इतिहास नीट करा. त्यावर घोडं अडलं ते अजून अडलेलंच. त्यांच्या जोडीने रांगेत असलेला अल्बानिया पुढे सरकला. लढाई लागली म्हणून युक्रेन आणि मोल्डोव्हा मागून येऊन रांगेत लागले. व्हेस्ना प्रत्येक बैठकीची बातमी फोनवर लावायची, आणि बातमी लागली की गाजरावरचा तिचा हात थांबायचा. "टू इयर्स," ती म्हणायची. "धिस टाइम शुअर. जास्तीत जास्त टू इयर्स."

मी काय बोलणार, सातवी पास!

आप्पा मी आल्यावर तिसऱ्या वर्षी गेले. फोनवर दर रविवारी विचारायचे, "तिकडं काय बातमी आली का?" जणू निकाल आधी अमेरिकेला कळणार होता. मी म्हणायची, अजून नाही. ते म्हणायचे, येईल. गेले ते झोपेतच. माझा धाकटा भाऊ बाळू याने फोन केला तेव्हा मी किचनमध्ये होते. विमानाने गेले असते तरी दोन दिवस, आणि तोवर कोण ठेवतंय? मी वॉक-इन फ्रिजच्या बाहेर उभी राहून फोनवर अग्नी बघितला. व्हेस्ना माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभी, आणि माझे सगळे ट्रे तिने भरले.

महिन्याभराने बाळूने मृत्यूचा दाखला मोबाइलवर पाठवला. वर कन्नड, खाली इंग्रजी. वरचं मला वाचता येईना. खालचं इराने वाचून दाखवलं. आप्पांचं नाव, वय, गाव. शेवटी ती म्हणाली, "स्टेट, कर्नाटका." तिने सहज वाचलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. आप्पांच्या मरणाचा कागद त्यांच्या लेकीला वाचता येत नव्हता, आणि ते हेडमास्तर दारात आलेले मला तसेच्या तसे दिसत होते.

आता व्हेस्नाच्या मुलीबद्दल. एलेना तिचं नाव. व्हेस्नाला इथली व्हिसाची लॉटरी लागली तेव्हा एलेना एकवीस पार झालेली, म्हणून तिला आणता आलं नाही. ती प्रिलेपला राहिली, नर्सिंग शिकली. जर्मनीतलं एक हॉस्पिटल तिला घ्यायला तयार होतं. व्हिसासाठी दोनदा नंबर लावला, दोनदा हुकला. तिसरा रस्ता एकच. आपण मूळचे बल्गेरियन आहोत असं लिहून द्यायचं, पुरावा जोडायचा. मग त्यांचा पासपोर्ट मिळतो आणि युनियनचं दार उघडतं. कितीतरी लोकांनी केलंय म्हणे. पुरावा व्हेस्नाकडे होता. पहिल्या महायुद्धात तिच्या गावावर बल्गेरियाचं राज्य आलेलं, तेव्हा शाळेच्या दाखल्यावर तिच्या आजोबांचं आडनाव त्या पद्धतीने बदलून लिहिलं होतं. आजोबा तो कागद बघून थुंकायचे, पण फाडला कधी नाही. तो आता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, ओहायोत.

सप्टेंबरात व्हेस्नाकडे ढीगभर लाल ढोबळी मिरच्या भाजतात, सोलतात, आणि वर्षभराचं आयवार करून ठेवतात. आपलं भरीत समजा, फक्त तास न् तास आटवलेलं. मला तिने मदतीला बोलावलं होतं. गॅरेजच्या दारात शेगडी, हात कोपरापर्यंत लाल, वास थेट आमच्या संकेश्वरी मिरचीच्या दिवसांसारखा. तेवढ्यात एलेनाचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं, आणि सगळं कळत होतं. ती पोरगी तो दाखला मागत होती, ही नाही म्हणत होती. कॉल संपल्यावर व्हेस्ना म्हणाली, "माझ्या बापाच्या बापाला खोटं पाडू? दोन वर्षं थांब म्हटलं तिला. युनियन आम्हाला घेणारच आहे. मग आपल्या नावाने जा."

मिरचीचं काळं साल माझ्या बोटाला चिकटलं होतं. मी ते काढत राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आप्पांनी एक वर्ष म्हटलं होतं."

मग सगळं सांगितलं. हायस्कूल, हेडमास्तर, पाट, चहा, वखार, आणि तो दाखला. इंग्रजी अपुरं पडलं तिथे हातांनी.

तिने ऐकून घेतलं आणि चमचा शेगडीवर आपटला. "तुझा बाप मूर्ख होता?"

"मूर्ख नव्हते. त्यांना खात्री होती."

"मग माझ्या एलेनाला चोर व्हायला सांगतेस? खोटी सही?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, व्हेस्ना. मला एवढंच माहीत आहे की मी अजून ते वर्ष थांबलेली आहे."

ती पाठ फिरवून मिरच्या सोलायला लागली. मला घरी सोडलंसुद्धा नाही, स्मिताला बोलवावं लागलं. दोन आठवडे शेजारच्या बोर्डवर ती मुकाट्याने भाज्या चिरत होती. वाटलं, ज्या एका बाईशी माझं इथे पोटातलं बोलणं होतं, ती मी घालवली. आणि ज्यांनी आयुष्यभर वाट बघितली त्या आप्पांना मी परक्या गॅरेजमध्ये उघडं पाडलं.

तिसऱ्या सोमवारी शिफ्ट संपल्यावर तिने विचारलं, "वेळ आहे? पोस्टात जायचंय." गाडीत तिच्या मांडीवर तो पत्र्याचा डबा. काउंटरवर तिने आजोबांचा दाखला पाकिटात घातला, वर एलेनाचा पत्ता लिहिला, शेवटी फक्त मॅसिडोनिया. क्लार्क पोरगी गोड हसली, "नॉर्थ, राइट?" आणि स्वतःच पेनाने वर लिहिलं. व्हेस्ना बघत राहिली. पाकीट पलीकडे गेलं तेव्हा तिचा हात काउंटरवर होता तिथेच राहिला. मी तो धरून तिला बाहेर आणलं. गाडीत बसून ती मोठ्याने रडली. मी आप्पांसाठी असं मोठ्याने रडले नव्हते, ते त्या दिवशी रडले. दोघींचे रुमाल संपले, मग किचनचे ॲप्रन होते.

एलेना आता जर्मनीत आहे. कामाचा युनिफॉर्म घालून तिने फोटो पाठवला, व्हेस्नाने तो सगळ्या किचनला दाखवला. चांगलं झालं. मी हे चांगलंच झालं म्हणते. पण प्रिलेपचं घर बंद आहे. गल्लीतली निम्मी घरं तशीच, ती सांगते. आणि युनियनची बातमी आली तर व्हेस्ना ती फोनवर लावत नाही. परवा सुपरवायझरच म्हणाला, तुमच्या देशाचं टीव्हीवर सांगत होते, कदाचित होईल म्हणे. ती म्हणाली, "होऊ दे. दार उघडलं तर आत जायला आमच्यात कोण उरलंय?" गाजरावरची सुरी थांबली नाही. ते मी बघितलं, आणि मला वाटलं, हे माझ्यामुळे. तिची पोरगी सुटली, पण तिच्याकडची ती दोन वर्षं मी काढून घेतली. आप्पांकडची कुणी काढून घेतली नाहीत. ते शेवटच्या रविवारीसुद्धा "येईल" म्हणाले.

गेल्या महिन्यात स्मिताने माझा सिटिझनशिपचा फॉर्म भरायला घेतला. सगळं तिने कॉम्प्युटरवर भरलं, मी शेजारी शंभर प्रश्नांची उत्तरं पाठ करत बसलेली. जन्मठिकाणाशी आल्यावर ती थांबली. तिला अंगणातली ती सकाळ आठवत होती, मलाही. म्हणाली, "आई, खरं तेच लिहावं लागतं."

मी म्हटलं, "सरक, मला करू दे." एक एक अक्षर शोधून मी कर्नाटक असं इंग्रजीत दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने. काही कोसळलं नाही. स्पेलिंग इराने तपासलं, "गुड जॉब, आजी."

त्याच आठवड्यात आप्पांची तिथी होती. मी बाळूला पत्र लिहिलं. फोन असताना पत्र कशाला, तर त्यांनी टाक म्हणून सांगितलं होतं. त्यांचा कागद समोर ठेवून पाकिटावर पत्ता उतरवला, त्यांच्याच वळणाने, आणि शेवटच्या ओळीत महाराष्ट्र राज्य. खाली स्मिताने इंग्रजीत इंडिया लिहिलं.

काल बाळूचा फोन आला. त्याची नातवंडं कन्नड शाळेत जातात, भराभर वाचतात, चांगली शिकतात. घरात आता कुणी पत्त्यात ती ओळ लिहीत नाही. तो स्वतःही नाही, बँकेत अडतं म्हणाला. मग सांगायला लागला, "अक्का, तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा ऱ्हाऊन पाकीट बघतोय. मला म्हणतो, आप्पा गेले न्हवं? मग हे कोण लिवतंय?"

मी विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमची अक्का. ऱ्हाती कुठं म्हणाला. म्हटलं अमेरिकेत. हसला, पत्र दिलं आणि गेला."

घर म्हणजे काय, असं मंडळात कधी कुणी विचारतं आणि सगळे छान छान बोलतात. मला तसं बोलता येत नाही. माझ्या पर्समध्ये ग्रीन कार्डाच्या मागे आप्पांच्या अक्षरातला तो कागद आहे, घडीवर फाटत आलेला. त्यातली शेवटची ओळ कोणत्याही सरकारी कागदावर नाही. ती लिहिणारी आता मी एकटीच उरले आहे, आणि मी राहते ओहायोत.